खोली एकशेसात

सचिव म्हणून निवडून आले नाही मी,
उरले.
मीटिंगला उशिरा पोचणाऱ्याला
जे काम मिळतं ते मिळालं:
निरोप धाडणं.

संगणक मंडळ. एकशे बेचाळीस सभासद,
वर्गणी पन्नास रुपये, तीही निम्म्यांची बाकी.
दर बुधवारी रात्री, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी,
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या आत
मी लिहायचे:
उद्या चार वाजता, खोली एकशेसात.
लॅपटॉप असेल तर आणा, नसेल तरी या.
धैवत पारेख त्याचं गुजराती करायचा,
मेहजबीन इंग्रजी,
आणि तिन्ही भाषांत कुणी यायचं नाही.

अंगठे मात्र यायचे.
एकोणतीस, एकदा तर चाळीस.
अंगठ्यांना पाय नसतात, धैवत म्हणाला,
आणि आणलेल्या आठ समोशांतले तीन
त्यानेच संपवले.

तिसऱ्या गुरुवारनंतर माझं डोकं फिरलं.
लिहिलं: ज्यांना यायचंच नाही
त्यांनी नाव काढून घ्यावं,
आम्हालाही परीक्षा आहेत.
मेहजबीन म्हणाली, ‘च’ काढ, फार टोचतो.
मी ‘च’ ठेवला.
त्या रात्री एकाच मुलाचं उत्तर आलं:
सॉरी मॅम.
विनेश राठवा, पहिलं वर्ष, गाव कवांट.
कशाबद्दल सॉरी,
ते मी विचारलं नाही.
माफी मिळाली की माणूस
पुढचं वाचत नाही.

चौथ्या गुरुवारी एक्स्टेन्शन बोर्ड हवा होता.
शिपाई रमणकाका म्हणाले, जुन्या इमारतीत बघ,
तिथे सगळं मोडकं ठेवलंय.
सायकल स्टँड ओलांडून गेले.
तळमजला, ओलसर बोळ,
आणि एका दारावर
कुणीतरी कधीकाळी निळ्या रंगानं काढलेला,
गुजराती वळणाचा
एकशेसात.

दिवाळीच्या सुटीत पत्र्याच्या पाट्या बसल्या होत्या,
आमच्या दाराला नवा नंबर मिळाला होता.
इथला जुना पुसायला
कुणी आलं नव्हतं.

आत पहिल्या बाकावर तो होता.
दप्तर मांडीवर, पाय जुळवून,
जणू आत्ता कुणी हजेरी घेईल.
फळ्यावर तीन तारखा,
आणि प्रत्येकीपुढे एकच ओळ:
हुं आव्यो हतो.
हुं आव्यो हतो.
हुं आव्यो हतो.

आम्ही आलो की वाचू, असं त्याला वाटलेलं.
निरोप त्यानेही धाडले होते,
खडूनं.

खाली एक प्रोग्रॅम. वहीत शिकून
फळ्यावर लिहिलेला, मशीन नसताना.
मशीनचं कामही त्यानेच केलेलं:
एक तारा, खाली दोन, खाली तीन,
ओळीमागून ओळ, हाताने चालवलेला लूप.
पाचव्या ओळीत सहा तारे.

एक जास्त झालाय, मी म्हणाले.
इतक्या दिवसांनी भेटून
हेच पहिलं वाक्य.
तो उठून फळ्याजवळ गेला,
बोटानं तारे मोजले, पुन्हा मोजले,
आणि हसला. म्हणाला,
बेन, मला वाटलं, मीच चुकीच्या दिवशी येतो.

एक्स्टेन्शन बोर्ड सापडला नाही.
सहावा तारा तसाच राहू दिला.
तिसऱ्या ओळीखाली मी लिहिलं,
आम्ही पण आलो होतो.
मराठीत. त्याने वाचलं
आणि काही विचारलं नाही.

आता बुधवारी मी नंबर लिहीत नाही.
लिहिते: सायकल स्टँडसमोरचा जिना,
वर डावीकडे, कडी तुटलेलं दार.
सापडलं नाही तर हाक मारा,
आम्ही बाहेर येऊ.
सात जण येतात, कधी नऊ.
बाकीचे अंगठे आहेतच.

पाठवण्याआधी विनेशला दाखवते.
काल त्याने बराच वेळ वाचलं
आणि विचारलं,
डावीकडे म्हणजे,
चढणाऱ्याच्या की उतरणाऱ्याच्या?

मी थांबले.
आत कुकरची चौथी शिट्टी झाली.